तक्रार पत्र: पैसे हाताच्या कामाचे घेतले, फिरवले मात्र मशीन

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वेट सँडिंग (पाणी लावून घासणे) करताना बॉनेटच्या कडेवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) फोडल्याबद्दल आणि जॉब कार्डप्रमाणे काम न केल्याबद्दल.

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या काळ्या सेडानचे बॉनेट आणि दोन्ही फेंडर आपल्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये घासायला दिले होते. पावसाळ्यात सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी गाडीवर पडली, तेव्हा ओळखीच्या पेंटरकडून पत्रा काढून रंग मारून घेतला होता. रंग जुळला, पण वरच्या क्लिअर कोटला संत्र्याच्या सालीसारखा पोत आला. पार्किंगमधली ट्यूबलाइट बॉनेटमध्ये सरळ दिसायची नाही, थरथरल्यासारखी दिसायची. माझी तक्रार त्या पेंटरबद्दल नाही. ती साल काढणे एवढेच काम आपल्याकडे होते.

आपल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने दोन दर सांगितले: मशीनने 4,500 रुपये, हाताने 7,000. मी हाताने करा म्हटले. जॉब कार्डवर ‘हाताने, ब्लॉक लावून, 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर, कडांना टेप’ असे त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे. बिलही त्याच दराने, जीएसटी धरून 8,260 रुपये झाले आणि मी ते भरले.

मी मशीनचा वैरी नाही. भोसरीच्या टूलरूममध्ये 35 वर्षे काढली आहेत, डाय घासण्यातच निम्मे आयुष्य गेले. सपाट पृष्ठभागावर चांगले मशीन, मऊ फोमचा पॅड आणि ताजी डिस्क असेल तर काम हातापेक्षा एकसारखे होते. उलट ब्लॉक न लावता नुसत्या बोटांनी कागद घासला तर बोटांच्या पन्हळी उठतात. बॉनेटचा मधला भाग मशीनने करतो असे मला विचारले असते तर मी नाही म्हटले नसते. पण माझ्या गाडीच्या बॉनेटवर दोन उठावदार रेघा आहेत. तिथे सहा इंची डिस्क टेकते ती फक्त त्या रेघेच्या माथ्यावर, म्हणजे सगळा दाब सुतभर जागेवर येतो. आणि रंग ओला असताना कडेवरून खाली ओघळतो, त्यामुळे नेमका तिथेच थर पातळ असतो. म्हणून तर कडांना टेप लावायची. टेपचा एक तुकडा, काही रुपयांचा.

त्या दिवशी मी आपल्या काचेच्या वेटिंग रूममध्ये बसलो होतो. मुलगा मशीन घेऊन बॉनेटवर वाकलेला दिसला तेव्हा वाटले, दुसरी गाडी असेल. जवळ जाऊन पाहिले तर माझीच. टेप कुठेही नव्हती. फेंडरवरून दुधासारखे पांढरे पाणी ओघळत होते, ते ठीकच, क्लिअर कोट घासला की पाणी पांढरेच येते. पण डाव्या रेघेशी डिस्कखालून येणारे पाणी काळे होते. काळे पाणी याचा अर्थ क्लिअर संपला आणि खालचा रंग घासला जातो आहे. मी ओरडलो तेव्हा मशीन थांबले. मुलाने फडक्याने जागा पुसली आणि म्हणाला, “काका, ओलं आहे म्हणून तसं दिसतंय. पॉलिश झाल्यावर कळणारसुद्धा नाही.”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला एका दिवसात चार गाड्या उरकायच्या असतात हे तिथल्या बोर्डावरच दिसत होते. जॉब कार्ड त्याच्यापर्यंत पोहोचले होते का, हे त्याला कुणीतरी विचारा.

संध्याकाळी गाडी हातात मिळाली तेव्हा बॉनेटमध्ये तोंड पाहून घ्यावे अशी चकाकी होती. आमच्या सौभाग्यवतींनी तर मलाच दटावले, उगाच ओरडलात त्या पोरावर म्हणून. तिसऱ्यांदा शाम्पूने गाडी धुतली आणि चकाकीबरोबर सोंगही उतरले. पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली बॉनेटभर जिलबीच्या वेढ्यांसारखे बारीक गोल ओरखडे दिसले. डिस्क आणि रंग यांच्यामध्ये कण अडकला, पाणी कमी पडले, डिस्क वेळेवर बदलली नाही की असे वेढे उमटतात. खात्री करावी म्हणून अर्ध्या बॉनेटवर तेलकटपणा उतरवणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मारून पुसले. त्या अर्ध्या भागातले सगळे ओरखडे उघडे पडले, उरलेला अर्धा अजून बऱ्यापैकी झाकलेला. म्हणजे ओरखडे काढले नव्हते, तेलकट ग्लेझने बुजवले होते. आणि डाव्या रेघेवर करंगळीच्या नखाएवढा एक निस्तेज डाग आहे. त्यावर कापड फिरवले की कापड काळे होते.

सुरुवातीला आपल्याच माणसाने मीटरने जाडी मोजून कार्डवर लिहिली होती: बॉनेटच्या मध्यावर 212 मायक्रॉन, डाव्या रेघेपासून बोटभर आत 174. मी नंतर दुसरीकडे त्याच जागा मोजून घेतल्या: 181 आणि 119. मीटर एकूण थर दाखवतो, एकट्या क्लिअरचा नाही, हे मला माहीत आहे. पण क्लिअर कोट असतो सुमारे 50 मायक्रॉनचा, मिलिमीटरचा विसावा भाग. त्यात मध्यावर 31 गेले आणि रेघेजवळ 55. साल काढताना दहा-बारा गेले असते तर हे पत्र लिहिले नसते.

यावर आपल्या शाखेचे उत्तर काय, तर “काका, गाडी घेऊन या, फ्रीमध्ये एकदा रबिंग मारून देतो, सगळं जाईल.” हे मला मान्य नाही आणि का ते नीट समजून घ्यावे. ओरखडा एकटा निघत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा थर खाली आणावा लागतो. माझ्या बॉनेटवर आता तेवढा थरच शिल्लक नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्ये याच क्लिअरमध्ये असतात, आणि माझी गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. फुकटात दुसऱ्यांदा घासून घेणे म्हणजे उरलेलाही थर आपल्या हाताने देऊन टाकणे. तेव्हा यापुढे माझ्या बॉनेटला पॉलिशचा पॅडही लावू नये.

मला हवे आहे ते असे. बॉनेटला आपल्या खर्चाने बूथमध्ये नव्याने रंग आणि क्लिअर मारून द्यावा, आणि नंतर घासायची वेळ आलीच तर कडा टेप लावून, हाताने, माझ्यासमोर. फेंडर तसे बरे आहेत, ते राहू द्या. हाताच्या आणि मशीनच्या दरातला फरक, जीएसटीसह 2,950 रुपये, परत करावा, कारण ते काम झालेलेच नाही. बॉनेटचे काम आपल्याला करायचे नसेल तर मी निवडलेल्या पेंटरचे बिल भरावे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवर ‘बघतो’ हे उत्तर धरणार नाही. उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. त्यासाठी माझ्याकडे दोन वर्षांची मुदत आहे, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

आणखी एक. गाडी नेल्यापासून ‘आपला अनुभव कसा होता? पाच स्टार द्या’ हा मेसेज सहा वेळा आला आहे. तो बंद करावा.

सोबत जॉब कार्ड, बिल, दोन्ही वेळच्या मोजमापांच्या नोंदी आणि अर्धे पुसलेल्या बॉनेटचे फोटो जोडले आहेत. ज्या कापडाला काळा रंग लागला ते कापड माझ्याकडे जपून ठेवले आहे, पाहायचे असल्यास येऊन पाहावे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक जॉब कार्डवर आहे.)