चेन नेमकी कधी पडते, हे माझ्या मुलीला विचारणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सा. न. वि. वि.

माझी मुलगी परवा यवतेश्वरच्या बाजूच्या जांभ्याच्या कच्च्या वाटेने सायकलवरून खाली आली आणि चेन एकदाही पडली नाही, एवढे कळवायला खरे तर एक फोन पुरला असता. पण फोनवर तुम्ही "बरं झालं" म्हणून ठेवून देता, आणि मला जे म्हणायचे आहे ते तेवढ्यात मावणारे नाही. शिवाय ते चारचौघांत म्हणायचे आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही सायकल जिथे जिथे नेली, तिथे प्रश्न मला विचारले गेले किंवा विचारलेच गेले नाहीत. सायकल मुलगी चालवते, मी नाही. तरीही एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात तिच्याकडे न पाहताच मला सांगण्यात आले की मुलींना गिअर टाकायची घाई असते, चेन पडायचीच. दुसऱ्या ठिकाणी नवी चेन घालण्यात आली आणि "सोबत बदललेलं बरं" म्हणून पुढचे चेनव्हील, म्हणजे पॅडलजवळचे दातेरी चाकही बदलण्यात आले. त्याचे बिल बघून मी दोनदा चश्मा पुसला. तिसऱ्या ठिकाणी, चेन ज्या नळीवर आपटते त्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर फोमची जाड पट्टी चिकटवून "आता आवाज येतो का बघा" असे विजयी स्वरात विचारले गेले. आवाज खरोखरच कमी झाला होता. चेन मात्र पडतच राहिली, आणि एकदा चढावर उभे राहून पॅडल मारताना ती अशी सुटली की मुलीचा पाय खाली निसटला आणि गुडघा फुटला. त्यानंतर सायकल जिन्याखाली गेली, आणि "जाऊ दे ना आई, मला नाही जमत" हे वाक्य आमच्या घरात सुरू झाले. ते वाक्य ऐकणे मला त्या सगळ्या बिलांपेक्षा जड गेले.

तुम्ही वेगळे काय केलेत, ते मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्हाला ते बहुधा आठवतही नसेल. तुम्ही हात कापसाला पुसलेत, सायकलीशेजारी उकिडवे बसलात आणि माझ्या मुलीला विचारलेत, "ताई, चेन आतल्या अंगाला पडतीय का बाहेरच्या?" तिने सवयीने माझ्याकडे पाहिले. तुम्ही पाहिले नाहीत. तुम्ही तिच्या उत्तराची वाट पाहत तसेच बसून राहिलात, मागे एक गिऱ्हाईक पंक्चरसाठी घाई करत असतानाही. अखेर ती म्हणाली की दोन्हीकडे पडते, पण जास्त करून बाहेर. मग तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात: "गिअर टाकताना, का पॅडल थांबवून खाली येताना?" यावर मात्र तिला धीर आला. गिअर टाकताना कधीच नाही, दगडांतून उतरताना पडते, आणि पडायच्या आधी खालून खाडखाड आवाज येतो, हे तिने एका दमात सांगितले. तुम्ही मान हलवून म्हणालात, "मग ताईचं काय चुकत न्हाय."

या दोन प्रश्नांत निम्मे काम झाले होते, हे मला नंतर कळले. गिअर बदलताना चेन पडत असेल तर दोष बहुतेक डिरेलरच्या, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, मर्यादेच्या स्क्रूंत, केबलीत किंवा तो ज्यावर टांगलेला असतो त्या हँगरच्या वाकण्यात शोधायचा असतो. नुसते उतरताना पडत असेल तर चेनचा ताण सुटतो आहे, असे समजायचे. चाक दगडावर आदळले की चेनचा खालचा सैल भाग उसळून नळीवर आपटतो, त्या झटक्याने दोन पुली असलेला डिरेलरचा लांब हात पुढे ओढला जातो, वरची बाजूही क्षणभर ढिली पडते आणि चेन पुढच्या दात्यांवरून उचलली जाते. म्हणजे आपटणे आणि पडणे ही दोन दुखणी नसून एकच होते, आणि फोमची पट्टी त्यातल्या फक्त आवाजावर चिकटवली होती.

हे रोखण्यासाठी त्या डिरेलरमध्ये क्लच आधीपासूनच होता! 2012 च्या सुमारास असे डिरेलर आणि एकाआड एक जाड-बारीक दात्यांचे चेनव्हील ही जोडी माउंटन बाइकवर आली आणि त्यानंतर पुढचा डिरेलर हळूहळू नाहीसाच झाला, हे मी आता वाचून जाणते. क्लचमुळे तो लांब हात सहजासहजी पुढे झुलत नाही. शिमानो कंपनीच्या डिरेलरवर तो चालू-बंद करायला छोटा खटका असतो. मागचे चाक काढताना सोय म्हणून तो बंद करतात आणि चाक बसवल्यावर चालू करायचा असतो. आमचा खटका बंद होता. कोणीतरी पंक्चर काढताना तो खाली केला आणि पुन्हा वर केलाच नाही. तुम्ही तो मुलीला स्वतःच्या बोटाने वर करायला लावलात आणि तो लांब हात आधी व नंतर ओढून पाहायला सांगितलात. नंतर तिला दोन्ही हात लावावे लागले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चेनव्हीलचा घोळही तुमच्याच नजरेने धरला. चेनमध्ये आतली अरुंद आणि बाहेरची रुंद अशी कडी आलटून पालटून येते, आणि जाड दाता रुंद कडीत घट्ट बसून चेनला आडवे सरकू देत नाही. म्हणून अशा चेनव्हीलच्या दात्यांची संख्या समच असावी लागते. मूळचे चेनव्हील तसेच होते. बदलून घातलेले मात्र सगळे दाते सारख्याच जाडीचे असलेले निघाले. म्हणजे आम्ही पैसे मोजून चेन पडण्याची सोय करून घेतली होती. बाकीचे लवकर उरकले: हँगर सरळ निघाला, नवी चेन लांब होती म्हणून दोन कड्या कमी झाल्या, आणि सोललेल्या नळीवर तुम्ही जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीत. त्या नळीवर रंग उडून चंद्रकोरीएवढे चकचकीत टवके ओळीने पडले होते. तुम्ही त्यांवरून अंगठा फिरवलात आणि "लई सोसलंय हिनं" म्हणालात. सायकलबद्दलच म्हणालात, असे मी धरून चालते.

तुमच्या मागच्या फळीवर नव्या डिरेलरचे खोके होते, ते मला दिसत होते. तेव्हा तुम्ही तो खराब झाला असे सांगितले असते तर मी मुकाट्याने पैसे दिले असते, कारण तोवर मी सगळ्यालाच मान डोलवायला शिकले होते. तुम्ही चेनव्हीलचे आणि मजुरीचे पैसे घेतलेत, ट्यूबचे लावले नाहीत. कामाची माहिती पुष्कळांना असते. पण समोरच्याचे अज्ञान दिसत असताना त्याचा भाव न लावणे, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे, आणि त्यांत डॉक्टर, वकील सगळे धरून बोलते आहे.

मुलीची एक तक्रार मात्र पोचवते. गिअरचा खटका पूर्वीपेक्षा जड लागतो, असे ती म्हणते. तुम्ही तेव्हाच सांगितले होते की क्लच चालू असला की तसे होणारच, म्हणून तिला तेच सांगितले आहे. पावसाळ्यात चिखल आत गेला तर क्लच उघडून साफ करून त्याचा आवळ पाहावा लागेल, हेही तिने वहीत लिहून ठेवले आहे. पंक्चर काढणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून ती खटका वर झाल्याची खात्री करून घेते, त्यामुळे आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तिला जरा टरकतो.

तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींच्या सायकली अशाच खाडखाड वाजतात. त्यांना तुमच्या दुकानाचा पत्ता दिला आहे, शनिवारी येतील. बरोबर त्यांच्या आयाही असतील. त्यांना बाकावर बसवा, आणि जे विचारायचे ते मुलींनाच विचारा.

आपली कृतज्ञ,
निळ्या सायकलवाल्या मुलीची आई
सातारा