उजनी मायनस आणि आमचे दोन क्रेडिट

काय बे संज्या,

तीन आठवडे रिप्लाय नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. इथं एक झंगाट अंगावर आलंय. 2020 च्या नवीन शैक्षणिक धोरणातलं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे पोरांनी आपल्या फॅकल्टीबाहेरचा विषय घ्यायचा, बीकॉमवाल्यानं सायन्सचा, बीएस्सीवाल्यानं आर्ट्सचा असं. ऐकायला भारी वाटतं. पण मीटिंगला सगळ्यांनी आणलं काय, तर आपल्याच एफवायचं पहिलं युनिट पाणी घालून, इंट्रोडक्शन टू अमुक, बेसिक्स ऑफ तमुक. नुसतं पातळ वरण. मीही तेच केलेलं, खोटं कशाला बोलू, चार पानं टाईप करून तयार होती. खरी गोम वर्कलोडची आहे बे, कोर्स गेला की तास गेले, तास गेले की पोस्ट हलते, मग कोण कुणाला बोलणार.

मग मे महिन्यात एक गंमत झाली. फॉर्म भरायला आलेली बीकॉमची एक पोरगी सहज विचारते, "सर, उजनी मायनसमध्ये गेली म्हणतेत, मग आमच्या नळाला येतंय ते कुठलं पाणी?" मी कागदावर उजनी धरण म्हणून एक बादली काढली, तोटी बुडाच्या बरीच वर. तोटीच्या वरचं ते उपयुक्त, 53.57 टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, खालचं मृतसाठा, 63.66. तोटीच्या खाली गेलं की मायनस, पण बादली रिकामी नाही. ती म्हणाली, "म्हणजे सर, खालचंच जास्त आहे की!" आणि मी गप्पच. इतकी वर्षं उजनीचं पाणी पितोय, पण ही गोष्ट कधी अशी डोळ्यासमोर आली नव्हती. मग बसून एका टीएमसीचे लिटर काढले, 2831 कोटी. तिनं स्वतः मोबाईलवर केलं, शून्य मोजताना दोनदा चुकली.

तेव्हा डोक्यात आलं, कोर्स हाच करायचा. विषय नाही, पाणी. 30 तास, दोन क्रेडिट. धरणाची भूगोलवाली बाजू, क्लोरिनची केमिस्ट्री, ऊस किती पाणी पितो, नदीत सोडलेलं पाणी टाकळीला, म्हणजे आमच्या सोलापूरसाठी उचलतात तिथं, पोचेपर्यंत वाटेत किती जिरतं आणि कोण मोटर लावतं, पाणीपट्टी. पोरांनी दोन आठवडे घरच्या पाण्याची वही ठेवायची, नळ कधी आला, कोण उठलं, किती घागरी. ट्रायल म्हणून दहाजणांना दिली तर आठ वह्यांत पाणी भरणारी आईच निघाली, एकीत पहाटे तीनला. हे कुठल्या डिपार्टमेंटचं म्हणायचं सांग बरं?

मीटिंगमध्ये नेमकं तेच विचारलं. "छान आहे सर, पण तास कुणाच्या नावावर?" पाऊण तास त्यावरच, कोर्सवर पाच मिनिटं. शेवटी तीन डिपार्टमेंटला दहा-दहा तास वाटले, खातेवाटपच जणू. आता अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, बघू. तिथं कुणीतरी 'परीक्षा ऑब्जेक्टिव्ह घ्या' म्हणणार हे मी आत्ताच लिहून देतो.

आता तुझं काम. तू पाटबंधारे खात्यात आठ वर्षं काढलीस, एक तास येऊन गेट कधी उघडायचं हे कसं ठरतं तेवढं सांग. मुळा-मुठेतून तुम्ही पुणेकर खाली काय सोडता तेही सांगायला लागेल, पोरं सोडणार नाहीत. मानधन नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आईनं कबूल केलीय. शनिवारी निघ, आणि आंघोळ पुण्यातच करून ये, आमच्याकडं रविवारी नळ नाही.

तुझा,
बंड्या