भिजलेल्या ग्रंथांचे पहिले दोन दिवस

‘रविवार पुरवणी’तील पूरप्रवण भागांतल्या ग्रंथालयांवरचा लेख वाचला, ग्रंथ वरच्या मजल्यावर हलवावेत ही सूचना रास्तच आहे, पण ते भिजलेच तर पुढे काय, याविषयी लेखात एक अक्षरही नाही.

२०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. ओले पुस्तक आपण सवयीने उन्हात उघडून ठेवतो. त्याने पाने वाकतात, गुळगुळीत कागदाची चित्रपाने चिकटून त्यांची वीटच होते, आणि दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. १९६६च्या पुरानंतर इटलीत फ्लॉरेन्सची पुस्तके चक्क तंबाखूच्या भट्ट्यांत वाळवावी लागली होती. अमेरिकेतील कॉर्निंगच्या काचसंग्रहालयाने मात्र १९७२च्या पुरात भिजलेली पुस्तके गोठवून ठेवली, त्यामुळे दुरुस्तीला सवड मिळाली.

आपल्याकडे बेदाण्याची शीतगृहे पुष्कळ आहेत, परंतु तेवढा गारवा पुरत नाही. म्हणून मासळी वा आइस्क्रीम गोठवून ठेवणाऱ्या व्यावसायिकांशी प्रशासनाने पावसाळ्यापूर्वीच करार करावा आणि पोथ्या, हस्तलिखिते, दुर्मीळ अंक यांपैकी आधी काय उचलायचे याची यादी ग्रंथपालाच्या टेबलावर तयार असावी.

– एक वाचक, सांगली