माहितीपुस्तिका लिहायला बी.ई.च हवे का?

महोदय,

आयटीआयमधून फिटर झालेल्या, कित्येक वर्षे पंप आणि फिल्टर खोलून जोडणाऱ्या यावलच्या एका मुलाचा अर्ज एका कारखान्याने नुकताच न वाचता बाजूला ठेवला. जागा टेक्निकल रायटरची, म्हणजे यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याची, आणि अट ‘बी.ई. आवश्यक’. मी जळगाव एमआयडीसीत ठिबक संचांच्या माहितीपुस्तिका लिहिते. ही अट काढून टाकावी, असे माझे ठाम मत आहे.

ठिबकच्या ॲसिड प्रक्रियेचेच घ्या. आपल्याकडे बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी क्षाराचे, त्यामुळे ड्रिपर बुजतात. मग पाण्याचा सामू (पीएच) ४ पर्यंत उतरेल इतके ॲसिड नळ्यांत सोडायचे, संच २४ तास बंद ठेवायचा आणि नंतर नळ्यांची टोके उघडून फ्लश करायचे. एका इंजिनीअरने लिहिलेल्या मसुद्यात रसायनशास्त्र बिनचूक होते. पण ‘पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका’ ही सूचना कृती संपल्यावर, मागच्या पानावर! ज्याच्या हातात ॲसिडचा कॅन आहे, तो शेतकरी पान उलटून बघणार कधी? तेच पान मी या मुलाला लिहायला दिले. त्याने ही ओळ सगळ्यात वर घेतली, तिच्याखाली हातमोजे आणि चष्मा, मग कृती. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हे इंजिनीअरच्या मसुद्यात नव्हतेच. या मुलाने ते कोणी न सांगता लिहिले.

पदवी वाया जाते, असे मी म्हणत नाही. औषधे किंवा स्विचगिअरबद्दल (वीजपुरवठा चालू-बंद करणाऱ्या उपकरणांबद्दल) लिहायचे तर विषयाचा पाया लागतो, आणि मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी पदवीचीच असते. म्हणून मुलांनी शिक्षण अर्धवट सोडू नये. पण फ्रेममेकर, डीटा, मार्कडाउन ही पुस्तिका लिहिण्या-मांडण्याची साधने पदवीवाचून शिकता येतात. मी बी.ए. मराठी, नोकरीला लागल्यावरच शिकले. खरे अडते ते मशीनपाशी उभे राहून ऑपरेटरला ‘आधी काय करता? बिघडले तर काय दिसते?’ असे पुन्हा पुन्हा विचारण्यापाशी.

जळगाव-धुळ्याच्या उद्योजकांना विनंती आहे, जाहिरातीत पदवीऐवजी लिहिलेले एक पान मागवा. मुलाखतीत उमेदवारापुढे फिल्टर ठेवा, तो धुण्याची कृती लिहून घ्या आणि ते पान तो फिल्टर कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्या. त्याला फिल्टर धुता आला, तर त्या उमेदवाराला कामावर घ्या.

– एक वाचक, जळगाव