महाराज, चूक माझ्या पेटीची

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

स्नेहसंमेलन होऊन पंधरा दिवस झाले. मंडप उतरला, भाड्याच्या तलवारी परत गेल्या, पुठ्ठ्याचं सिंहासन सातवीच्या वर्गात कोपऱ्याला पडलंय. ती रात्र मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोरांच्या नाटकाला पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करून शेवटची एसटी गाठायची म्हणून तुम्ही घाईने निघून गेलात, मला धड पाया पडायलाही मिळालं नाही. म्हणून हे पत्र, चार लोकांनी वाचावं असं उघडच लिहितेय. नाव छापू नको म्हणालात, ते पाळते.

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा दरबार भरीतनगरचा. राजाच्या मोहरेवर वांगं, प्रधान दिवसातून तीनदा झोपणारा, आणि कोतवालाने पकडून आणलेला गुन्हेगार कोण, तर चंद्र! रात्रभर सगळ्यांच्या शेतावर उजेड पाडतो आणि खजिन्यात दमडीचा कर भरत नाही, हा त्याचा गुन्हा. चंद्र झाली होती पाचवीतली पोर, राजा आठवीतला मुलगा. बाज वगाचा, म्हणजे तमाशातल्या नाट्याचा, गाणी आमचीच, निम्मे संवाद अहिराणीत. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या पोरांचं खरं हसू त्याच भाषेत फुटतं.

जूनमध्ये राजा निवडला तेव्हा तो काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या उंच पट्टीत, खणखणीत गायचा. दिवाळीनंतर त्याचा आवाज फुटला. या वयात कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात, आवाज खाली उतरतो आणि उतरता उतरता मध्येच चिरकतो. यात पोराचा काय दोष? पण आगाऊ पैसे घेऊन चार तालमी करून गेलेल्या एका संगीताच्या सरांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, "हा फाटका आवाज काढा, राजा बदला." ते पुन्हा फिरकले नाहीत. दुसऱ्याने तयार संगीत पेन ड्राइव्हवर आणून दिलं आणि गाणाऱ्यानेच त्याच्याशी जुळवून घ्यायचं म्हणाला. पोरगा आठ दिवस शाळेत आला नाही. त्या दोघांबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग तुम्ही आलात. राजा बदला, हा शब्दसुद्धा काढला नाहीत. पोराला शेजारी बसवलंत, सा लावायला सांगितलात आणि काळी चारपासून एकेक पट्टी खाली येत काळी एकवर थांबलात. "हाई तुनं घर शे," हे तुझं घर आहे, एवढंच बोललात. त्या दिवशी तो डबा खाऊन घरी गेला, कित्येक दिवसांनी.

तरीही प्रयोगात व्हायचं ते झालंच. राजा चंद्राची माफी मागतो ते शेवटचं गाणं, दुसरा अंतरा, आणि वरच्या सा वर आवाज चिरकला. मागून हशा उसळला, कुणीतरी शिट्टी मारली. पोराचा मुकुट डोळ्यांवर सरकला होता. तो सारखा करायला उचललेला हात हवेतच राहिला. मी विंगेत, हातात संहितेची वही, आणि मला काही म्हणजे काही सुचेना.

तेवढ्यात तुम्ही शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यात आणि भाता अर्धवट सोडलात. पेटी चिरकली, अगदी त्याच्यासारखी. मग उठून उभे राहिलात, हात जोडलेत आणि भर दरबारात म्हणालात, "महाराज, चूक माझ्या पेटीची. थंडीनं तिचा घसा बसलाय. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

क्षणभर सगळं गप्प. राजाने तुमच्याकडे पाहिलं, मुकुट वर सारला आणि हुकूम सोडला, "पेटीले काढा पाजा!" हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. मंडप पुन्हा हसला, पण आता तो राजाच्या बाजूने हसत होता. खाली बसताना तुम्ही हळूच म्हणालात, "म्हना महाराज, मी शे ना." ते फक्त त्याला आणि विंगेत मला ऐकू आलं. तो पुढचा अंतरा शेवटपर्यंत गायला.

तमाशाच्या फडात तुमची उमर गेली. तिथे साथीदार पडद्याआड नसतात, राजाला उत्तर द्यायला रंगमंचावरच असतात, हे तुम्ही तालमीत सांगितलं होतंत. मला ते त्या रात्री कळलं. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल पुण्यात उभं राहिलं, तेव्हापासून आपण गाणाऱ्या नटांचं कौतुक करत आलोय. जळगावला तर बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृहच आहे. पण गळा अडतो तेव्हा तो सांभाळून घेणाऱ्याचं नाव कोण लिहून ठेवतं? आमच्या अमळनेरला 1924 ते 1930 साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे ते स्वतः धुवायचे, हे आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो. पोराची चूक सगळ्या गावादेखत आपल्या अंगावर घेणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला तो तुमच्या रूपात.

त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. काही बोलली नाही, पदराने डोळे पुसत व्हरांड्यात उभी राहिली आणि तुमचं गाव विचारून गेली.

पेटीवर टाकायचं तुमचं निळ्या काठाचं फडकं इथेच राहिलंय. राजाने ते घडी करून दप्तरात ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही. येत्या रविवारी मळ्यात भरीत आहे. पोरं कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणार, सोबत कळण्याच्या पुऱ्या. फडकं न्यायला या, पेटीही आणा. चंद्र झालेल्या पोरीला सुरुवातीचं गाणं काळी चारमध्येच म्हणायचंय, आणि राजाला त्याच्या पट्टीत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
आठवीच्या बाई