अंगणवाडीच्या अक्कांना, वडगावहून

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून मी असं सगळ्यांसमोर लिहितेय, त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत अंगणवाडीच्या बाई म्हटलं की लोकांना आहाराचं पाकीट आणि वजनकाटा एवढंच आठवतं. पोर तीन वर्षांचं होऊन तुमच्याकडे बसायला लागेपर्यंत बाईंचा नि आपला संबंध काय, असंच सगळे धरून चालतात. माझी बाळी दीड वर्षाची. रजिस्टरात नाव, महिन्याचं वजन आणि घरी न्यायचा आहार, एवढाच तिचा तुमच्याशी हिशेब. तरी तुम्ही केंद्र बंद करून घरी जाता जाता आमच्याकडे टेकलात आणि माझा विस्कटलेला दिवस मार्गी लावून दिलात. तुमच्या मानधनात हे कुठं बसत नाही, ते मला ठाऊक आहे.

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर भागात मागवाल्यांची घरं कशी असतात ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या बाजूला आम्ही. करंट असेल तोवर साडी विणली जाणार, गेला की सगळं ठप्प. आणि कधी जाईल ते देवालाच ठाऊक. माग चालू असला की मी कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला बसणार. नळाला पाणी आलं की हातातलं टाकून घागरी. अशा घरात मी मोबाइलवर मिळालेला तक्ता भिंतीला चिकटवला होता. सातला उठणे, साडेसातला नाश्ता, साडेनऊला खेळ, साडेबाराला झोप. तुम्ही चष्मा सारखा करून तो शेवटपर्यंत वाचलात आणि म्हणालात, “सगळं ब्येस हाय. ह्यात नळाचं पाणी कुठं हाय?” सासूबाई हसल्या त्या अजून हसतायत.

मग म्हणालात, “लेकराला घड्याळ कळतंय होय? त्याला आधी काय नि मग काय, एवढं कळतंय. तीन खुंट्या घट्ट ठोक, मधली दोरी सैल सोड.” सकाळचं उठणं, दुपारचं जेवण आणि झोप, रात्रीची निजानीज, या त्या तीन. वेळ तासभर इकडेतिकडे झाली तरी चालेल, क्रम मोडायचा नाही. उठलं की खिडकी उघडायची, उजेड आत घ्यायचा, तोंड धुवायचं, तुळशीला पाणी. दुपारी भात, हातपाय पुसणं, निजणं. रात्री पायांवर कोमट पाणी, दिवा मंद, मांडीवर थोपटणं. मधल्या वेळेत पाणी येवो, पाहुणे येवोत, कांड्या संपोत, दिवस कोलमडत नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती दुपारच्या झोपेची गोष्ट. बाळी मागाच्या खटखटीत गाढ झोपायची आणि करंट जाऊन माग थांबला की दचकून उठायची. आवाजानं पोरं उठतात हे सगळ्यांना माहीत, पण आवाज थांबल्यानं उठतात हे मागवाल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. तुम्ही आधी तिचं अंथरूण मागाच्या भिंतीपासून काढून पार स्वयंपाकघराच्या पलीकडे नेलंत. एवढ्या आवाजात रोज निजणं कोवळ्या कानांना बरं नाही म्हणालात. आणि मग स्वतः बसून दाखवलंत. माग बंद पडला, तिनं कूस बदलली, पापण्या हलल्या, तोच तुमचा तळवा तिच्या पाठीवर त्याच ठेक्यात पडायला लागला. थप थप, थप थप. डोळे उघडलेच नाहीत. हळूहळू थाप संथ केलीत आणि हात काढून घेतलात. हे पुस्तकात सापडणार नाही. आता सासूबाईही तस्संच करतात आणि मला शिकवल्यासारखं सांगतात!

एखाद्या दुपारी झोप मोडलीच, तर रात्रीची निजानीज अलीकडे ओढायची. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं माप तुम्ही सांगितलंत आणि वर म्हणालात, माप मोजत बसू नको, पोर डोळे चोळतंय का, कान ओढतंय का ते बघ.

खाण्याचं थोडक्यात. तीन-चार वेळा पोटभर, मध्ये दोनदा थोडंसं काही, आणि एरवी हातात सारखं बिस्कीट नाही. चहात बुडवलेलं तर नाहीच, कारण चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. हे सासूबाईंना माझ्या तोंडून पटलं नसतं. तुम्ही त्यांनाच विचारलंत, “तुमच्या वक्ताला काय देत होता?” त्या नाचणीच्या आंबिलीवर आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आंबील सुरू. जेवताना मोबाइल बंद, दोन वर्षांच्या आत तो दाखवायचाच नाही, एवढंच म्हणालात, भाषण दिलं नाहीत.

खेळ वेगळा काढायची गरजच नाही, हेही तुमचंच. मागाच्या खोलीला आडवी फळी लावून घेतली, तिथं तिला मज्जाव. अलीकडे मी रिकाम्या कांड्यांची टोपली ठेवते. ती एकेक कांडी उचलते, शेजारच्यांकडून उचललेलं “ओंदु, एरडु” म्हणत आत टाकते, मग सगळी टोपली उपडी करून मला बघते. माझं काम चालू, तिचंही चालू. उठवायचं झालं तर आधी सांगायचं, अजून दोन कांड्या, मग जेवण. आणि जेवायला भात की भाकरी, हे तिनं ठरवायचं. जेवायचं की नाही, हे मात्र विचारायचं नाही.

गणपतीत सगळं उधळलं. मिरवणुकीचे ढोल पहाटेपर्यंत, घरात पाहुणे, बाळी या कडेवरून त्या कडेवर. बूस्टरची सुई घेतल्यावर ताप आला तेव्हाही तेच. दोन्ही वेळेला तुमचा एकच निरोप, खुंट्या तेवढ्या धर, बाकी जाऊ दे. घर निवळल्यावर ती आपसूक जुन्या क्रमावर आली, मला ओरडावं लागलं नाही.

समोरच्या घरातली नवी सून माझ्याकडे तक्ता मागत होती. तिचा नवरा रात्रपाळीला, तिच्या घराच्या खुंट्या वेगळ्या असणार. तिला तुमच्याकडेच पाठवतेय. बाळीचं कार्ड घेऊन मीही वजनाला येतेय. तिची झोप झाली की निघेन, थोडं थांबा.

तुमची,
मागवाल्यांच्या गल्लीतली सून