सामुराई चिलखताची खरी मेहनत ओवणीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्नेहसंमेलनांत सामुराईचे, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्याचे, चिलखत पुठ्ठ्याचे करतात आणि सोलापूरच्या उन्हात, घामाने ते तासाभरात मऊ पडते. मूळ चिलखत लोखंडाच्या किंवा कच्च्या चामड्याच्या पट्ट्यांचे, वर उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकाचे, रोगण, आणि सगळे रेशमी गोफाने ओवलेले. आज १ मिमी जाडीचा पत्रा पुरतो.

चूक होते ती छिद्रांत. ५ मिमीचे छिद्र पाडल्यावर दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची खरखरीत धार, मोठ्या ड्रिलबिटने काढलीच पाहिजे. नाहीतर धारदार कड दर हालचालीला गोफ कापत राहते आणि एक दिवस अख्खी ओळ सुटते. कमरेखालच्या झालरीचे, म्हणजे कुसाझुरीचे, बहुधा ७ भाग, प्रत्येकात ५ पट्ट्या. गोफ ताणून ओवला तर पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत, बसताच येत नाही. नवख्यांनी जोडीजोडीने ओवायची सुगाके पद्धत घ्यावी, छिद्रे कितीतरी कमी लागतात. सुती गोफ घाम पिऊन सैल होतो; पॉलिस्टरचा चपटा गोफ घ्यावा. कमरपट्टा घट्ट बांधा, खांद्यांवरचे वजन कमरेवर उतरते.

आपल्या माग-कारागिरांनी असा ६ मिमी रुंदीचा चपटा गोफ विणून द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर